तोवरचा वारस

हाल्डेनहोफ, १४ सप्टेंबर १९०३

प्रिय बुर्गाताई,

आधी खुशाली. गवत आत आलं, बटाटे अजून जमिनीत आहेत, तांबडीला कालवड झाली आणि माझे दोन्ही हात शाबूत आहेत. झाली खुशाली. आता मुद्द्याचं सांगतो, आणि हे पत्र वाचलंस की तुझ्या चुलीत टाक. नोटरीसाहेबांच्या घरात कुणाच्या हाती लागायला नको.

आपोलोनाला दिवस गेलेत.

हो, आपल्या नव्या आईला. बाबा अठ्ठावन्नचे, ती छत्तीसची, लग्नाला अजून वर्ष नाही. बाबांनी मला सांगितलं ते पण कसं, तर चर्चमधून परत येताना, बैलाच्या नालेबद्दल बोलता बोलता. "उजव्याची नाल बदलायला हवी, आणि हो, जानेवारीत घरात पाळणा हलेल." मी विचारलं, "कुठल्या बैलाची?" माझं डोकंच चालेना.

ताई, मुलगी झाली तर मी तिला खांद्यावर घेऊन नाचेन. पण मुलगा झाला तर? आपल्या दरीत घर, गोठा, कुरण, जंगल सगळं एकत्र, म्हणजे आख्खा होफ, तुकडा न पाडता, धाकट्या मुलाकडे जातं. बाबा सात भावांत शेवटचे, म्हणून तर होफ त्यांचा झाला. सहा काका दुसऱ्यांच्या गाई राखत नाहीतर लाकडी घड्याळं कोरत म्हातारे झाले. आणि मी चोवीस वर्षं शेवटचा आहे. गावात मला कुणी नावाने हाक मारत नाही, सगळे "धाकटे मालक" म्हणतात. जानेवारीत मी थोरला होणार की काय? चोविसाव्या वर्षी कुणी थोरला होतं का गं?

आणि रोझिना. ईस्टरनंतर लग्न ठरलंय, तुला माहीतच आहे. तिच्या बापाच्या, मोसहोफच्या म्हाताऱ्याच्या, कानावर बातमी गेलीय. काल दुधाच्या गाडीजवळ भेटला, माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "काय रे, तुमच्याकडे गर्दी वाढणार म्हणे!" हसत म्हणाला, पण थाप जोरात होती.

नोटरीसाहेबांना विचारशील का? काहीतरी मार्ग असेलच.

तुझा,
लांडोलिन

&nbsp;

फ्रायबुर्ग, २३ सप्टेंबर

चि. लांडोलिन,

पत्र चुलीत टाकलं. आधी तीनदा वाचलं, मग टाकलं.

साहेबांना "गावाकडच्या एका ओळखीच्या घरचं" म्हणून विचारलं. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, "या ओळखीच्याचं नाव लांडोलिन तर नाही?" मी म्हटलं, सूप घ्या. पण या माणसाला वारसांबद्दल काही विचारलं की सूप थंड झालंच म्हणून समज. बाईसाहेब कपाळाला हात लावून बसल्या होत्या.

मीठदाणी मधे ठेवली. हा होफ, म्हणाले. शेजारी मोठा चमचा, तो होफ घेणारा वारस. मग लहान चमचे ओळीने. हे वाट देणारे वारस, यांना वाटा मिळतो आणि फाटक उघडून दिलं जातं. मी त्या लहान चमच्यांकडे बघत उभी. मनात म्हटलं, यातला एक मी.

मग म्हणाले, वारस पक्का असतो किंवा तोवरचा असतो. जिथे सगळं थोरल्याला जातं तिथे थोरला मुलगा पक्का, कारण त्याच्या आधी आता कुणी जन्मू शकत नाही. पण तुमच्या दरीत धाकट्याला जातं. तिथे बाप जिवंत आहे तोवर पक्का वारस नसतोच. पाळण्यात कुणी येईपर्यंत जो आहे, तो तोवरचा.

तू तोवरचा आहेस, लांडोलिन. चोवीस वर्षं होतास, कुणी तुला सांगितलं नाही एवढंच.

आता मार्ग. बाबा जिवंतपणी, शुद्धीत, आपण होऊन होफ तुझ्या नावे करून देऊ शकतात. नोटरीसमोर सही केली की संपलं, मग जानेवारीत तिळे मुलगे झाले तरी तुला कुणी हलवणार नाही. तेव्हा हातापाया पड, भांड, काय वाटेल ते कर, पण बाबांना सहीला ने. आणि आपोलोनाशी नीट वाग. बिचारी पोटुशी आहे, तिने काही तुझ्या विरुद्ध कट केलेला नाही.

मला हसू येतं. मी पण दहा वर्षं तोवरची होते. मधले दोन भाऊ पाळण्यातच गेले, मग बाबांनी मला बांधाचे दगड दाखवले, कुठला झरा आपला नि कुठला मोसहोफचा ते पाठ करून घेतलं. मुलगा नसेल तर थोरल्या मुलीला जातं ना. आणि मग तू आलास, लालबुंद आणि टकला. त्या दिवसाचं कधीतरी सांगेन. आज नाही.

लोकरीचे मोजे पाठवतेय. डावा जरा सैल आहे.

तुझी,
बुर्गा

&nbsp;

हाल्डेनहोफ, १३ ऑक्टोबर

प्रिय ताई,

मोजे पोचले. डावा सैल नाही, तो बैलाचा आहे.

बाबांना गाठलं. मधमाश्यांच्या पेट्यांपाशी गाठलं, कारण तिथे ते चिडत नाहीत, माश्यांना राग कळतो म्हणतात ना. बाराही पेट्यांवर गवताच्या चटया बांधत होते. मी सगळं बोलून टाकलं, रोझिनाचं, मोसहोफच्या म्हाताऱ्याचं, तुझ्या नोटरीसाहेबांचं. ते एक एक गाठ मारत राहिले. शेवटच्या पेटीपाशी म्हणाले, "मार्टिनच्या सणाला बघू."

"बघू" म्हणजे काय, म्हटलं. तर म्हणाले, "बघू म्हणजे बघू."

पण मार्टिनचा सण म्हणजे अकरा नोव्हेंबर, जानेवारीच्या कितीतरी आधी. तालुक्याच्या नोटरीकडे मी दिवस ठरवून टाकलाय. बाबा नाही म्हणाले नाहीत. त्यांच्या भाषेत ते हो असतं, तुला ठाऊक आहे.

आपोलोनाशी नीट वागतोय. पण ताई, ती बाई काही बोलतच नाही गं. मी स्वयंपाकघरात शिरलो की कणीक मळत असते, मी निघालो तरी मळतच असते. परवा दाराआडून ऐकलं, बाबांना हळू आवाजात काहीतरी सांगत होती. मला बघून गप्प झाली. काय सांगत असेल? मला तर वाटतं, जानेवारीपर्यंत थांबा असंच सांगत असणार. तिच्या जागी मी असतो तर तेच सांगितलं असतं.

झोप येत नाही. आणि रोझिना विचारते, इतका का खंगलास.

तुझा,
लांडोलिन

&nbsp;

हाल्डेनहोफ, ७ नोव्हेंबर

ताई,

तार मिळाली असेल. बाबा गेले.

काल सकाळी वरच्या रानात फरची झाडं तोडत होतो. झाड भलतीकडे वळलं. मी ओरडलो. त्यांनी वर बघितलं, पाय उचलला आणि ओल्या मुळावर घसरले. मी बारा पावलांवर होतो.

सही राहिली. पाच दिवस राहिले होते. हे मी लिहितोय याची मला लाज वाटते, पण काल त्यांना दाराच्या फळीवर घालून खाली आणताना माझ्या डोक्यात हेच होतं, पाच दिवस, पाच दिवस.

घरी आल्यावर जे करायचं ते केलं. घड्याळ थांबवलं. गोठ्यात जाऊन गाईंना सांगितलं. मग घराची किल्ली घेऊन पेट्यांपाशी गेलो, प्रत्येक पेटीवर तीनदा वाजवलं आणि सांगितलं, "तुमचे मालक वारले. आता तुमचा मालक लांडोलिन." बाराही पेट्यांना. सांगितलं नाही तर माश्या उडून जातात किंवा मरतात, मग काय करणार? मागे वळलो तर आपोलोना अंगणात उभी होती, दोन्ही हात पोटावर. तिने ऐकलं असणार. वळून आत गेली.

लवकर ये.

लांडोलिन

&nbsp;

फ्रायबुर्ग, २० नोव्हेंबर

लांडोलिन,

अंत्यविधीला तुझ्याशी धड बोलता आलं नाही. जेवणाला अर्धी दरी बसली होती आणि मोसहोफचा म्हातारा ताटातल्या खारवलेल्या डुकरापेक्षा आपोलोनाच्या पोटाकडेच जास्त बघत होता. तूही बघत होतास. मी तुला बघताना बघितलं.

साहेबांना विचारलं. या वेळी चमचे मांडले नाहीत, नीट बसवून सांगितलं. बाप गेला त्या दिवशी जे मूल पोटात होतं, ते कायद्याने त्या दिवशी जन्मलेलंच धरतात. एकच अट, जिवंत जन्मायला हवं. एकदा श्वास घेतला तरी पुरे. मुलगा झाला आणि त्याने श्वास घेतला, तर होफ सहा नोव्हेंबरपासून त्याचा. मुलगी झाली, किंवा मूल जिवंत नाही आलं, तर तुझा. तोवर होफ कुणाचाच नाही, सगळं टांगलेलं.

म्हणजे बघ, पेट्यांना तू जे सांगितलंस ते सांगायला नको होतं. झेव्हरने मला सांगितलं. म्हातारा गडी आहे, चाळीस वर्षं आपल्या घरात राबतोय, त्याला बरं वाटलं नाही. म्हणाला, "बुर्गाबाई, माश्यांना खोटं सांगितलेलं चालत नाही." मी त्याला गप्प केलं. पण तू कुणाचं नाव घ्यायचं होतंस ते मलाही सुचत नाही. ज्याला नावच नाही त्याचं नाव कसं घेणार?

मला भीती वाटते, लांडोलिन. होफची नाही. तू आणि ती, एका छपराखाली, बर्फ पडलं की खाली गावात जायला दीड तास, आणि सुईण खाली गावात. तिच्या बरोबर राहा. लाकडं आत आणून ठेव, पाणी तिला उचलू देऊ नकोस.

बुर्गा

&nbsp;

हाल्डेनहोफ, १४ डिसेंबर

ताई,

पाणी मीच आणतो. लाकडं छपरापर्यंत रचलीत. तुला वाटतं तसा मी राक्षस नाही.

मोसहोफच्या म्हाताऱ्याने निरोप पाठवला. मेणबत्त्यांच्या सणापर्यंत वाट बघणार, दोन फेब्रुवारी. त्या दिवशी गडीमाणसं धनी बदलतात, आणि तो म्हणे जावई बदलेल. रोझिना रडून रडून आजारी आहे. मला भेटू देत नाहीत.

गावात कुणी आता "धाकटे मालक" म्हणत नाही. "लांडोलिन" पण म्हणत नाहीत. नुसतं "अं, तू" म्हणतात. लोहाराने परवा विचारलं, नाल कुणाच्या नावावर मांडू? गंमत म्हणून विचारलं नाही, खरंच विचारलं.

तुला सांगतो, कारण दुसऱ्या कुणाला सांगू शकत नाही. चर्चमध्ये गुडघे टेकले की मी म्हणतो, देवा, मुलगी होऊ दे. एवढंच म्हणतो. पण मग पुढचं वाक्य आपोआप येतं तोंडाशी, आणि मी पटकन उठून बाहेर जातो. लोकांना वाटतं मला बापाचं दुःख अनावर झालंय.

आपोलोना काल म्हणाली, "तुझ्या बाबांना मी सांगितलं होतं." मी विचारलं, काय सांगितलं होतं? तर तोंड फिरवून म्हणाली, "आता काय उपयोग." बघ! कबूलच केलं की.

लांडोलिन

&nbsp;

फ्रायबुर्ग, २२ डिसेंबर

माझ्या लांडोलिन,

इकडे नाताळच्या भाकऱ्या भट्टीत आहेत, हात पिठाचे आहेत, पण हे आज लिहिलं नाही तर कधीच लिहिणार नाही.

तू झालास त्या दिवशी सुईणीला बोलवायला मला पाठवलं होतं. बाबा रानात, झेव्हर बाजारात, घरात आई आणि मी. दहा वर्षांची होते. दुपार होती, बर्फ गुडघ्याएवढं. आई म्हणाली, "पळ, बुर्गा." आणि मी पळाले. वळणावरच्या देवळीपर्यंत पळाले. तिथे तो बसायचा दगड आहे ना, त्याच्यापाशी थांबले. मला माहीत होतं, मुलगा झाला तर बांधाचे दगड, झरा, काही माझं नाही. बाबा म्हणाले होते मला, "बघू, देव काय देतो." मी दगडावर बसले. खिशात पावाचा तुकडा होता. तो खाल्ला. हळूहळू, कडा आधी, मऊ भाग नंतर, जसा नेहमी खायचे तसा. सगळा संपेपर्यंत बसले. मग उठले आणि सुईणीला घेऊन आले.

तू जगलास. आई पण जगली, पण त्यानंतर ती कधी धड उभी राहिली नाही. सहा वर्षं काठीने चालली आणि गेली. सुईण म्हणाली होती, जरा आधी आले असते तर. मला नाही म्हणाली, बाबांना म्हणाली. मी दाराआड होते.

तुला मी वाढवलं. कडेवर घेऊन फिरवलं, घास भरवले. लोक म्हणायचे, बुर्गाचा काय जीव आहे भावावर. होताच. पण प्रत्येक घासाला मला तो पाव आठवायचा. होफ सोडून शहरात आले ते वाट देणारी वारस म्हणून नाही आले रे. ती वळणावरची देवळी रोज दिसायची म्हणून आले.

आता ऐक. तुला पाठवतील. घरात दुसरं कोण आहे? झेव्हरचे पाय गेलेत. तुला म्हणतील, जा. तेव्हा जा. देवळीपाशी थांबू नकोस. देवाची शपथ, तिथे बसू नकोस. होफ गेला तर माणूस दुसरीकडे राहतो, मी राहतेच आहे. हे दुसरं मात्र बरोबर येतं.

बुर्गा

&nbsp;

हाल्डेनहोफ, ९ जानेवारी १९०४

ताई,

नाताळपासून टपाल नाही. रस्ता बंद. हे पत्र सुईणीबरोबर खाली पाठवतोय.

मुलगा झाला. चार तारखेला, सोमवारी, संध्याकाळी. जिवंत आहे.

नाळ गळ्याभोवती होती. निळा होता. सुईणीने पाठीवर मारलं, पायाला धरून उलटा केला, मग रडला. आपोलोना अशक्त आहे पण बरी आहे.

मी सुईणीला आणलं. बर्फ फार होतं. उशीर झाला. बर्फामुळे.

रोझिनाकडे काही कळवलेलं नाही. त्यांना कळेलच.

लांडोलिन

&nbsp;

हाल्डेनहोफ, १७ जानेवारी

वाल्बुर्गाबाई,

मला लिहायची सवय नाही. माझे पहिले यजमान घड्याळं करायचे, आमच्याकडे लिहायचं ते फक्त तबकडीवरचे आकडे. चुकलं तर समजून घ्या.

लांडोलिन जेवत नाही. काम करतो, बोलत नाही, आणि बाळाच्या खोलीत पाऊल टाकत नाही. वारस मोठा होईपर्यंत होफ कोण चालवणार त्याचं नाव कोर्टाला द्यायचंय. मी त्याचं दिलं. तो म्हणाला, "मी लायक नाही, दुसऱ्या कुणाला बघा." बाळाचा धर्मपिता हो म्हटलं, तर गोठ्यात निघून गेला.

म्हणून तुम्हाला सांगते. दुसऱ्या कुणाला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही.

त्या दुपारी कळा सुरू झाल्या तशी मी म्हटलं, जा. तो कोट न घालता निघाला. मी खिडकीशी उभी होते, पलंगाच्या खांबाला धरून. पांढऱ्यावर काळा ठिपका खाली जाताना दिसत होता. देवळीपाशी ठिपका थांबला. बसला. मी जपमाळ हातात घेतली. एक एक मणी ओढत गेले आणि त्याच्याकडे बघत राहिले. दहा मणी झाले. अकराव्याला तो उठला आणि धावत सुटला, पडला, उठला, परत धावला. परत आला तेव्हा सुईण त्याच्या पाठीवर होती. वळणापासून वर तिला पाठीवर घेऊन आला, ती काही हलकी बाई नाही. त्याच्या तोंडातून रक्त येत होतं.

त्याला वाटतं कुणी बघितलं नाही. त्याला सांगा, मी बघितलं. बसताना बघितलं आणि उठताना पण बघितलं. मला या घरात असा बसून उठलेलाच माणूस हवा.

आणि एक. यजमानांना मी ऑक्टोबरात सांगितलं होतं, पोर व्हायच्या आधी सही करून टाका, लांडोलिनचं लग्न ठरलंय, त्याला टांगून ठेवू नका. ते म्हणाले, "मला शेवटचा म्हणून मिळालं, शेवटच्यालाच जाईल." हट्टी होते. मी अजून त्यांच्यावर रागावलेली आहे आणि ते गेले आहेत, म्हणून राग कुठे ठेवावा कळत नाही.

आपोलोनिया

&nbsp;

फ्रायबुर्ग, २५ जानेवारी

लांडोलिन,

सोबतचं पत्र वाच. तिचं आहे. हे चुलीत टाकू नकोस.

माझं बावीस डिसेंबरचं मिळालं का?

बुर्गा

&nbsp;

हाल्डेनहोफ, ४ फेब्रुवारी

प्रिय ताई,

दोन्ही मिळाली. तुझं डिसेंबरचं एकोणीस जानेवारीला आलं, बर्फात अडकून भिजलेलं. दहा मण्यांचं कालच आलं. आधी तुझं वाचलं तेव्हा गोठ्यात होतो, तांबडीच्या मानेला टेकून उभा राहिलो. बराच वेळ ती हलली नाही.

तोच दगड, ताई.

मी काय विचार करत होतो ते मला सांगता येत नाही, कारण मी विचार करतच नव्हतो. पाय थांबले. मी हाताने दगडावरचं बर्फ झाडलं, नीट, कडेपर्यंत, आणि बसलो. बसल्यावर माझं लक्ष त्या झाडलेल्या जागेकडे गेलं. एवढी स्वच्छ झाडली होती. घाईत असलेला माणूस दगड झाडतो का? तिथे मला स्वतःची भीती वाटली. तेव्हा उठलो. सुईण म्हणाली, अजून थोडा उशीर झाला असता तर. मला नाही म्हणाली, आपोलोनाला म्हणाली. पण मीही दाराआड होतो.

तू दहा वर्षांची होतीस. मी चोवीसचा आहे. तेव्हा माझ्यापेक्षा तुझी चूक लहान आहे, आणि तू ती चोवीस वर्षं एकटीने वागवलीस याचा मला राग आला. अगं, मला आधी सांगायचं होतंस! मग वाटलं, सांगितलं असतंस तर मी काय केलं असतं? मोजे परत पाठवले असते बहुतेक.

परवा मेणबत्त्यांचा सण झाला. मोसहोफवरून माणूस आला. रोझिनाला मी दिलेला शिंगाचा कंगवा म्हाताऱ्याने परत पाठवला. चिठ्ठी नाही. पण कंगवा गुंडाळलाय तो रोझिनाच्या निळ्या रुमालात, तिचा आवडता, चर्चला नेते तो. म्हाताऱ्याला रुमाल कुठला काय कळणार, हा तिनेच गुंडाळला असणार. म्हणजे काय समजायचं? दोन दिवस मी त्या रुमालाकडे बघतोय. तू बाई आहेस, तू सांग.

काल रात्रीपर्यंत ठरत नव्हतं. सकाळी आपोलोनाच्या समोर जाऊन उभा राहिलो. ती कणीक मळत होती. म्हटलं, "पत्र वाचलं." ती म्हणाली, "बरं झालं." मी म्हटलं, "कोर्टात माझं नाव राहू दे." ती म्हणाली, "ते मी काढलंच नव्हतं." मग हाताला पीठ असताना पाळण्याकडे मान हलवली, घे म्हणून. मी त्याला घेतलं. फार हलका आहे गं. गळ्यावर नाळेचा वळ अजून पुसट दिसतो, बारीक, दोऱ्याएवढा. मी त्यावर बोट ठेवलं आणि मला रडू आलं, सरळ सांगतो, हुंदके देऊन रडलो, आणि तो माझ्याकडे बघत बसला. रविवारी बाप्तिस्मा आहे, धर्मपिता मी. नाव रेमिगियस, बाबांचं.

दुपारी घराची किल्ली घेऊन पेट्यांपाशी गेलो. झेव्हर काठी टेकत मागे आला, त्याला राहवेना. बर्फ पेट्यांच्या कडेपर्यंत होतं, ते नाही झाडलं, तसंच राहू दिलं. पहिल्या पेटीवर किल्लीने हलकेच तीनदा वाजवलं आणि म्हटलं, "मी तुम्हाला चुकीचं सांगितलं होतं. तुमचा मालक रेमिगियस. तो महिन्याचा आहे, घरात रडतोय तोच. तो मोठा होईपर्यंत तुमचं मी बघेन." बाराही पेट्यांना तेच सांगितलं, शब्द न बदलता. मग प्रत्येकीला कान लावला.

दहा पेट्यांतून गुणगुण आली, आणि थांबली. दोन गप्प होत्या. झेव्हर म्हणाला, त्या नोव्हेंबरातच मेल्या असतील, थंडी लवकर पडली होती. त्या दोन रिकाम्या पेट्या उन्हाळ्यात धुऊन घेईन, आणि नवा थवा आला की त्यात भरेन, रेमिगियससाठी.

ईस्टरला ये. देवळीच्या रस्त्याने येऊ नकोस, मी गाडी घेऊन स्टेशनवर येतो, मोसहोफच्या कडेने आणतो तुला. नाहीतर असं कर, देवळीवरूनच ये. मी दगडाजवळ उभा असेन. आपण दोघं न बसता वर येऊ.

तुझा,
लांडोलिन